टँकचं मॉडेल रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला रामबागेत राहतो आणि गच्चीवरच्या खोलीत रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेलं करतो. पुतण्याचे मित्र, ऑफिसातले लोक, पुण्या-बडोद्याचे नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीतले अनोळखी, सगळे आलटून पालटून तेच प्रश्न पाठवतात. उत्तरं टाइप करून करून कंटाळलो, म्हणून एकदाची सगळी एका जागी लिहिली. जोडणीबद्दल इथे फारसं नाही, रंगाला हात घातल्यापासून पुढचं आहे. मापं १/३५ ची धरली आहेत.

१. पहिल्यांदाच करतोय. कोणतं मॉडेल घेऊ?

१/३५ मापाचं, एकाच रंगाचं आणि कमी चाकांचं. १/७२ स्वस्त पडतं, पण त्यातले बोल्ट दिसायलाही भिंग लागतं. १/३५ मध्ये पावणेसहा फुटी माणूस साधारण पाच सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे साध्या ब्रशनेही काम निभतं. हे विचित्र माप कुठून आलं असंही बरेच जण विचारतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर टँक काढला. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो करावा लागला, आणि तेच माप पुढे रूढ झालं.

माझी पसंती टी-५५ या रशियन टँकला. एका बाजूला पाचच चाकं, आणि वर पट्टा उचलून धरणाऱ्या छोट्या चाकांची भानगडच नाही.

२. आधी पूर्ण जोडायचं आणि मग रंगवायचं, की सुटं सुटं?

हल (टँकचं धड), टरेट (वरचा फिरता, तोफेचा भाग), चाकं आणि पट्टे हे चार गठ्ठे वेगळे ठेवा. प्रत्येक गठ्ठा आतून जोडून घ्या आणि वेगळा रंगवा. चाकं टूथपिकवर खोचून थर्माकोलच्या तुकड्यात उभी केली की फिरवून फिरवून रंगवता येतात. हँडल, हेडलाइट असले भाग मात्र आधीच चिकटवा. रंगावर चिकटवलेला भाग रंगालाच चिकटतो, प्लास्टिकला नाही, आणि एक दिवस रंगासकट निघून हातात येतो.

३. सुटे भाग साबणाने धुवायला सांगतात. खरंच धुवायचे?

हो. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर वर राहिलेला असू शकतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर वाळवा. बेसिनच्या जाळीवर रुमाल टाकायला विसरू नका. पेरिस्कोप एकदा गटारात गेला की गेला.

४. प्रायमर हवाच का? गाड्यांचा स्प्रे प्रायमर चालेल?

प्रायमर हवाच. रंगाला पकड मिळते, आणि जोडणीतल्या फटी, गोंदाचे ओघळ हे सगळं करड्या थरावर उघडं पडतं. गाड्यांचा डबा चालतो, पण आधी स्प्रूच्या (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर मारून बघा. हात एक फुटावर ठेवा आणि धुक्यासारखे तीन पातळ थर द्या. एकाच जाड थरात ओला केलात तर बारीक वेल्डिंगच्या रेषा बुजतील, आणि काही प्रायमर प्लास्टिकही खातात.

५. अ‍ॅक्रिलिक, इनॅमल, लॅकर यांत फरक काय? कशावर काय लावायचं?

अर्धी मॉडेलं याच गोंधळात बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

लॅकर सगळ्यात जहाल, झटकन वाळतो, प्लास्टिकला घट्ट धरतो. इनॅमल तेलकट आणि सावकाश वाळणारा, त्याला टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट लागतं. अ‍ॅक्रिलिक सौम्य, पण त्यातही दोन घराणी आहेत. तामियाचे अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने छान पातळ होतात. व्हॅलेहोसारख्या पाण्याच्या रंगांत तेच अल्कोहोल घातलं की रंगाची खरवस होते आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) तुंबतो. त्यांना त्यांचाच थिनर किंवा पाणी.

नियम असा की वरच्या थराच्या थिनरने खालचा थर विरघळता कामा नये. प्रायमर लॅकरचा, मुख्य रंग अ‍ॅक्रिलिकचा, वॉश (खाचांत उतरवायचा, पाण्यासारखा पातळ गडद रंग) इनॅमलचा किंवा ऑइल कलरचा, हा क्रम चालतो. अ‍ॅक्रिलिकवर लॅकरचा जाड हात मारलात तर खालचा रंग सुरकुततो. थिनरचं पुढच्या उत्तरात.

६. सियागंजात डब्याने मिळतो तो थिनर वापरला तर? फार स्वस्त पडतो.

फर्निचरचा एनसी थिनर मॉडेलच्या आसपासही आणू नका. आपली मॉडेलं पॉलिस्टायरीनची असतात आणि हा थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतो. मी ही अक्कल एका शर्मन टँकच्या मॉडेलच्या बदल्यात विकत घेतली. टरेटवर ओघळलेला रंग पुसायला थिनरचं फडकं फिरवलं, आणि बोटाचा ठसा टरेटमध्ये कायमचा उमटला. वितळलेल्या बर्फीवर उमटावा तसा. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनचंही तेच.

सियागंजातून टर्पेंटाइन आणायला हरकत नाही, इनॅमल आणि ऑइल कलरसाठी ते चालतं. आधी पांढऱ्या कागदावर थेंब टाका. वाळल्यावर पिवळा तेलकट डाग राहिला तर ते ब्रश धुण्यापुरतंच ठेवा.

७. एअरब्रश नाही. नुसत्या ब्रशने चांगलं होईल का?

होईल. रंग दुधासारखा पातळ करा, चपटा मऊ ब्रश घ्या आणि एका दिशेने हात मारा. मग खरोखर वाळू द्या. ओल्या रंगावर परत ब्रश फिरवला की खालचा उचलला जातो, आणि तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये हा त्रास जास्त आहे. ब्रशने करायचं असेल तर व्हॅलेहो बरे. तीन पातळ हात लागतात. पहिल्या हातानंतर मॉडेल भयंकर दिसतं, तिथे धीर सोडायचा नाही.

८. एअरब्रश घेतला. प्रेशर किती आणि रंग किती पातळ?

०.३ मि.मी. नोझल, १५ ते २० पीएसआय. तामियाचा रंग एक भाग असेल तर थिनर एक ते दोन भाग. आधी पुठ्ठ्यावर रेघ ओढा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ झालाय किंवा प्रेशर जास्त आहे. ठिपके ठिपके पडले तर रंग जाड आहे.

घरच्यांच्या नाराजीबद्दलही विचारणा होते. रंगपंचमीला राजवाड्यावर टँकर आणि मोटारपंप लावून चार मजल्यांपर्यंत रंग उडवणारं आपलं गाव आहे, त्यात तुमच्या ०.३ मि.मी. च्या नोझलचं काय घेऊन बसलात? मास्क मात्र कार्बन फिल्टरचाच हवा. सर्दीचा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

९. मे महिन्यात रंग खरखरीत आला आणि जुलैत वार्निश पांढरं पडलं. रंग खराब आहे का?

रंग चांगलाच असावा. इंदूरची हवा दोन्ही टोकांना जाते.

मेमध्ये दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी. एअरब्रशमधून निघालेला थेंब प्लास्टिकवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळतो आणि पिठासारखा बसतो. नोझलच्या टोकावरही सुकतो. उपाय: पहाटे सहा ते आठ काम करा, रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला, जवळून आणि कमी प्रेशरने मारा. पंखा बंद. घाम येतो, इलाज नाही.

पावसाळ्यात उलट. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि मॅट (बिनचमकीच्या) वार्निशच्या थरात अडकते. सकाळी बघावं तर टँकवर बुरशी आल्यासारखी पांढरी झाक. मॉडेल फेकू नका. मॉडेल आणि डबा दोन्ही कोरड्या खोलीत घ्या, वरून ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) पातळ हात द्या. बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. मग उघडीप मिळाली की पुन्हा मॅट. मी जून-जुलैत जोडणी करतो आणि वार्निशची कामं दिवाळीच्या आसपास उरकतो.

१०. भारतीय रणगाड्याचा हिरवा नेमका कोणता? नंबर सांगा.

नंबर सांगतो, पण आधी वाद. एक ‘नेमका’ हिरवा नसतो. कारखान्यातून निघालेला, दोन उन्हाळे पाहिलेला आणि पलटणीच्या वर्कशॉपमध्ये परत रंगवलेला, असे तीन टँक शेजारी उभे केले तर तीन हिरवे दिसतील. १९७१ चे बरेच फोटो कृष्णधवल आहेत, त्यांवरून रंगछटा ठरवता येत नाही.

मी तामियाचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन किंवा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब घेतो आणि त्यात दहावा हिस्सा एक्सएफ-५७ बफ मिसळतो. कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. खरा टँक आपण तीस-चाळीस पावलांवरून बघतो, मधल्या हवेने तो फिका होतो. मॉडेल नाकासमोर असतं. सपाट वरच्या भागांवर आणखी थोडा बफ घालून फिकट झाक मारतो.

संग्रहालयातल्या टँकवरून रचना बघा, रंग नका उचलू. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन, विजयंता, पॅटन हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. वेल्डिंग कुठे जाड आहे, चाकाचं रबर कसं झिजतं, यासाठी ती सहल वसूल आहे. पण उघड्यावर ठेवलेल्या टँकला ऊन-पावसासाठी चकचकीत रंग मारतात. तो रणांगणावरचा नव्हे.

११. टी-५५ च्या किटमधून लोंगेवालाचा पाकिस्तानी टँक करता येईल का? दिसायला तर सारखेच आहेत.

नुसता रंग बदलून नाही. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालावर आले ते टाइप-५९, म्हणजे टी-५४ ची चिनी आवृत्ती. टी-५४ च्या टरेटवर पुढे उजवीकडे पंख्याचं घुमटासारखं छोटं झाकण असतं, टी-५५ वर ते नाही. ते पुट्टीने करावं लागेल.

उलट बाजूचीही गंमत आहे. दोन्हीकडचे टँक इतके सारखे दिसत, की आपल्या टी-५५ च्या तोफेच्या नळीवर मध्यभागी खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे फुगीर नळकांडं, बसवलं होतं. आपल्या माणसांनी आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून. तुमचा टी-५५ १९७१ चा दाखवायचा असेल तर आधी फोटोत हे नळकांडं शोधा. रंगवून झाल्यावर ते आठवलं तर नळी परत घासावी लागते, हे मी केलंय.

१२. पट्टे गंजाच्या रंगाचे करायचे की चंदेरी?

आधी पट्टा कशाचा आहे ते बघा. टी-५५ आणि सेंच्युरियनचे पोलादी. गडद तपकिरी-करडा रंग द्या, खाचांत धूळ भरा, आणि जमिनीला घासणारे उंचवटे तेवढे ६बी पेन्सिलीने चमकवा. चालत्या टँकचा पट्टा नारिंगी गंजलेला नसतो, रोज घासला जातो.

शर्मनच्या बऱ्याच पट्ट्यांवर रबरी ठोकळे होते. रबर गंजत नाही आणि चमकतही नाही. तिथे करडा-काळा, आणि फक्त जोडणाऱ्या पोलादी कड्यांना धातूची झाक. चाकाच्या कडेचं रबर कुचकुचीत काळं करू नका, एक्सएफ-८५ सारखा मळका काळा घ्या.

१३. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, नंबर) लावल्यावर खाली चंदेरी चमक दिसते. काय चुकलं?

मॅट रंगावर लावलंत. मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत. डिकलखाली हवा अडकते आणि ती चमकते. आधी ग्लॉस, मग डिकल, वरून मायक्रो सोलसारखं सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव), आणि शेवटी मॅट. चमक आलीच असेल तर सुईने टोचून सॉफ्टनरचा थेंब सोडा. पाणी आरओचं घ्या. बोअरिंगच्या जड पाण्याने कडेला पांढरी रेघ राहते, नर्मदेच्या पाण्याने तेवढी नाही.

भारतीय खुणा किटमध्ये क्वचितच मिळतात. डिकल पेपरवर घरी छापता येतात, पण घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. पांढरे अंक हवे असतील तर पांढऱ्या कागदावर भोवतीचा हिरवा छापा, नाहीतर ०० नंबरच्या ब्रशने हाताने काढा. सैनिकी गाडीच्या नंबरातला वर तोंड केलेला बाण विसरू नका.

१४. वॉश दिला आणि सगळा टँक डागाळला.

याही वेळी मॅट रंगच नडला. ग्लॉस किंवा निदान सॅटिनचा थर देऊन चोवीस तास थांबा. मग बर्न्ट अंबर ऑइल कलरचा मुगाच्या दाण्याएवढा गोळा टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा. सगळ्या टँकला फासायचं नाही. ब्रशचं टोक बोल्टच्या मुळाशी नुसतं टेकवा. वॉश आपोआप भोवती फिरतो आणि वेल्डिंगच्या रेषेतून मुंग्यांच्या रांगेसारखा पुढे सरकतो. अख्ख्या छंदात मला हा क्षण सगळ्यात आवडतो, चहा गार होतो तो इथेच. पंधरा-वीस मिनिटांनी जवळजवळ कोरड्या ब्रशने जादा पुसा, वरून खाली, पाऊस ओघळेल त्या दिशेने.

१५. वॉशनंतर चाकांचे दांडे आपोआप तुटले. हे कसं?

दांडा बसवताना ताण देऊन बसवला असेल. ताणाखालच्या पॉलिस्टायरीनमध्ये टर्पेंटाइन शिरलं की बारीक तडे जातात आणि भाग मोडतो. सस्पेन्शन आणि प्लास्टिकच्या कड्याकड्यांचे पट्टे इथे अ‍ॅक्रिलिक वॉश द्या, किंवा अगदी थोडा द्या. खालच्या पोटात वॉशचं डबकं साचू देऊ नका.

१६. रंग उडालेला आणि गंज किती दाखवू?

तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा, आणि मग त्याच्याही निम्मा. हिशेब करा: मॉडेलवरचा १ मि.मी. चा टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटर. ३ मि.मी. म्हणजे तळहाताएवढा. लढाऊ पलटणीचा टँक भंगारात पडलेला नसतो, त्याला माणसं रोज तेलपाणी करतात.

टवके कुठे पडतात ते विचार करून ठरवा. क्रू जिथे पाय ठेवून चढतो तिथे, झाकणांच्या कडांना, अवजारांच्या क्लिपांपाशी. टरेटच्या मधोमध कोण कशाला घासेल? स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर टेकवा. धुराची काजळीही जागेवर हवी: टी-५५ चा एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर आहे, म्हणून काळं डावीकडेच.

१७. हेअरस्प्रे वापरून रंग उडवायचा होता, पण उडतच नाही.

या युक्तीत खालच्या रंगावर हेअरस्प्रे मारतात, त्यावर वरचा रंग देतात आणि ओल्या ब्रशने तो जागोजागी उडवतात. वरचा रंग लॅकर थिनरने पातळ केला होता का? मग तो खाली घट्ट चावतो. या कामासाठी तामियाचा रंग पाण्याने पातळ करा आणि तासाभरात ओल्या ताठ ब्रशने घासायला घ्या. दुसऱ्या दिवशी घासलंत तर फार थोडा निघेल.

१८. धूळ आणि चिखलासाठी पिगमेंट (रंगाची बारीक पूड) महाग आहेत. रांगोळी चालेल?

रांगोळी नाही. तिचा एकेक कण १/३५ मध्ये दगडाएवढा दिसतो. त्यापेक्षा मुलतानी माती आणि गेरू घ्या. दोन्ही मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. मुलतानी मातीने फिकी धूळ होते, चिमूटभर गेरू घातला की पंजाबच्या वाटेवरची. मऊ ब्रशने खाचांत भरा, कडेला टर्पेंटाइनचा थेंब टेकवा. ओली असताना गडद दिसते, वाळली की उजळते, तेव्हा घाईने आणखी घालू नका. ऑइल पेस्टल नको, ते चिकट राहतं.

चिखलासाठी तीच माती, फेव्हिकॉल, पाणी आणि गाळून वाळवलेली चहापत्ती.

इथे लोक एक चूक हमखास करतात: मालव्याची काळी माती आणून कुठल्याही टँकला फासतात. हा टँक त्या दिवशी कुठे उभा होता, हे आधी ठरवा. पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन ‘फमागुस्ता’ करायचा तर दिवस १६ डिसेंबर १९७१, जागा शकरगडची बसंतर नदी. म्हणजे खाली नदीपात्रातला करडा गाळ आणि वर कोरडी फिकट धूळ. १९६५ चा असल उत्तरचा पॅटन असेल तर पाणी सोडलेल्या उसाच्या शेतातला ओला चिखल, चाकं बुडतील इतका, आणि पट्ट्यात अडकलेली पाचट. लोंगेवालाला नुसती वाळू, तिथे चिखल चालणारच नाही.

१९. ताडपत्री, वायर, अँटेना कशाची करू?

टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून घडी घाला, ओला असतानाच दोऱ्याने बांधा. वायरसाठी जुन्या टेलिफोन केबलमधली तांब्याची तार. अँटेनासाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, धरून ओढा. केसासारखा बारीक धागा निघतो. पहिले चार तुटतात.

२०. सगळंच बिघडलं. रंग काढता येतो?

अ‍ॅक्रिलिक असेल तर डेटॉलने. औषधाचं तपकिरी डेटॉल, साबण नव्हे. त्यात भाग रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी टूथब्रशने डेटॉलमध्येच घासा. पाणी लागू द्यायचं नाही! रंग निघायच्या आत पाणी लागलं की सगळ्याचा चिकट काळा डिंक होतो आणि तो वेल्डिंगच्या रेषांत जाऊन बसतो. पूर्ण स्वच्छ झाल्यावरच साबणाच्या पाण्यात घाला. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. माझ्या घरी दोन दिवस दवाखान्याचा वास होता, आणि कोण आजारी आहे हे विचारायला खालच्या काकू वर आल्या.

खालचा लॅकर प्रायमर बहुधा टिकतो. तो घट्ट असेल तर काढायच्या फंदात पडू नका, थेट उत्तर ७ किंवा ८ पासून पुन्हा सुरू करा.